"नियम आहे" म्हणजे "कायदा आहे" का? गेटवरच्या एका रात्रीवरून पडलेला प्रश्न

अनघा_कल्याण

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत असते, आज लिहितेय कारण गेले चार दिवस डोक्यातून जातच नाहीये.

आमची सोसायटी ८४ फ्लॅटची, मी कमिटीत खजिनदार. मागच्या वर्षी बाइक चोरीला गेल्या म्हणून आम्ही ठरवलं की मेन गेट रात्री ११ ला बंद. मीही हात वर केला होता. आता तिसऱ्या मजल्यावर दोन नर्स मुली भाड्याने राहतात, दुसरी पाळी संपवून यायला त्यांना साडेअकरा होतात. सोमवारी पाऊस होता आणि वॉचमनने त्यांना चाळीस मिनिटं बाहेर उभं केलं, कारण विचारलं तर म्हणाला नियम आहे. सकाळी त्यातली एक माझ्याकडे आली, मी पण तिला तेच बोलले, अगं नियम आहे तर पाळायला हवा ना सगळ्यांनी. ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली आणि गेली.

आणि त्याच संध्याकाळी (मी सेहेचाळिसाव्या वर्षी तीन वर्षांचं एलएलबी करतेय, संध्याकाळचे वर्ग) आमचा विधिशास्त्राचा (कायदा म्हणजे मुळात काय, हे शिकवणारा विषय) तास होता, विषय अमेरिकेतली रिग्ज विरुद्ध पामर ही १८८९ ची केस. न्यूयॉर्क राज्यातला एक म्हातारा शेतकरी, त्याने मृत्युपत्रात बहुतेक सगळं नातवाच्या नावावर केलेलं. नातू एल्मर सोळा वर्षांचा. आजोबा मृत्युपत्र बदलतील या भीतीने त्याने त्यांना विष घातलं. शिक्षा झाली, ती वेगळी. प्रश्न असा की इस्टेट कोणाची? मृत्युपत्राच्या कायद्यात कुठेही लिहिलं नव्हतं की खून करणाऱ्याला वारसा मिळणार नाही. सह्या बरोबर, साक्षीदार बरोबर, नियम शंभर टक्के पाळलेला. तरी बहुमताने कोर्ट म्हणालं की स्वतःच्या दुष्कृत्याचा फायदा कोणालाही घेता येणार नाही आणि हाच कायदा आहे.

म्हणजे नियम नव्हता पण कायदा होता? आणि आमच्या गेटवर नियम होता, तो कायदा होता का? तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणाने सांगा.

जुना_सेक्रेटरी

ताई, बावीस वर्षं सोसायटीचं काम केलंय त्यामुळे आधी व्यवहाराचं बोलतो. आपल्याकडे उतरंड अशी: सगळ्यात वर घटना, मग सहकारी संस्था अधिनियम १९६०, मग त्याखाली केलेले नियम १९६१, मग तुमच्या सोसायटीचे उपविधी म्हणजे बायलॉज, मग सर्वसाधारण सभेचा ठराव, आणि सगळ्यात खाली कमिटीने नोटीस बोर्डावर चिकटवलेला कागद. लोक हा शेवटचा कागद वाचतात आणि त्यालाच कायदा म्हणतात! सुप्रीम कोर्टाने १९६९ सालीच सांगून ठेवलंय की सहकारी संस्थेचे बायलॉज हे कंपनीच्या आर्टिकल्ससारखे असतात, संस्था आणि सभासद यांच्यातली बांधिलकी म्हणून चालतात, पण कायद्याचं बळ त्यांना नाही. बायलॉजची ही स्थिती, मग ठरावाची काय असेल बघा.

आणि सभेने एकमताने केलं तरी वरच्या पायरीच्या विरोधात जाता येत नाही. भाडेकरू ठेवला की नॉन ऑक्युपन्सी चार्जेस लावतात ना, आमच्याकडे ठराव होता महिना दोन हजार, सगळे हात वर. १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयाने मर्यादा घातली की सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर नाही. एका सभासदाने उपनिबंधकाकडे, म्हणजे सहकार खात्याच्या अधिकाऱ्याकडे, तक्रार केली आणि आम्हाला जास्तीचे पैसे परत द्यावे लागले. तेव्हा मला मनापासून राग आला होता, कारण आमचं म्हणणं साधं होतं की आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय तर बाहेरच्याने मध्ये का पडावं. आता वाटतं की त्याचंच बरोबर होतं.

कट्ट्यावरचा

एवढं खोलात कशाला जायचं. कायदा म्हणजे ज्याच्यामागे दंडुका आहे तो नियम. सिग्नल तोडला तर पावती फाटते म्हणून तो कायदा, सोसायटी काय करणार तर तोंड वाकडं करणार म्हणून तो नियम. बाकी सगळं पुस्तकी.

दिवाणी_कोर्ट

कट्ट्यावरचा, तुम्ही म्हणताय ते ऑस्टिन नावाच्या इंग्रज गृहस्थाने एकोणिसाव्या शतकात मांडलेलं आहे, सार्वभौमाची आज्ञा आणि ती मोडली तर शिक्षेचा धाक म्हणजे कायदा. शंभरेक वर्षं हेच शिकवलं जायचं. पण मी रोज कोर्टात जे बघतो त्यातलं निम्मं यात बसत नाही.

माझ्या काकांचीच गोष्ट. स्वतःच्या हाताने सुंदर अक्षरात मृत्युपत्र लिहिलं, गावची जमीन शेवटपर्यंत सेवा केलेल्या पुतणीला. साक्षीदार एकच, शेजारचे मास्तर. भारतीय उत्तराधिकार कायद्याला दोन लागतात. काकांना कोणी दंड केला का? पोलीस आले का? काही नाही. फक्त तो कागद मृत्युपत्र झालाच नाही. इथे नियम धाक घालत नाही, तो तुमच्या हातात एक ताकद देतो, अशी अशी सही करा म्हणजे मेल्यानंतरही तुमचा शब्द चालेल. लग्न, खरेदीखत, दत्तक, सोसायटीची नोंदणी, सगळं याच जातीचं.

एच. एल. ए. हार्ट या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाने १९६१ मध्ये हेच धरून ऑस्टिनला उत्तर दिलं. त्याचं म्हणणं असं की कायदा म्हणजे दोन थरांचे नियम. एका थरात काय करायचं, काय नाही. दुसऱ्या थरात नियमांबद्दलचे नियम, म्हणजे नियम कोण करणार, कसा बदलणार, भांडण झालं तर कोण ठरवणार, आणि मुळात कुठला नियम "आपला" म्हणून ओळखायचा. जुना_सेक्रेटरी यांनी उतरंड सांगितली ती नेमकी हीच ओळखण्याची खूण. दरोडेखोरसुद्धा हुकूम देतो आणि त्याच्या हातात दंडुकाही असतो. फरक असा की त्याचं ऐकणं भाग पडतं पण ऐकायला आपण बांधील असतो असं कोणी म्हणत नाही.

अनघा_कल्याण

दिवाणी_कोर्ट, काकांचं वाचून फार वाईट वाटलं. पुतणीचं पुढे काय झालं? आणि मग एल्मरची केस हार्टच्या चौकटीत कशी बसते? ओळखीच्या खुणेवर तर आजोबांचं मृत्युपत्र खरं ठरतं ना.

दिवाणी_कोर्ट

पुतणीला चुलतभावांनी अर्धी जमीन आपणहून दिली, कायद्याने द्यायची गरज नव्हती. तेही या धाग्यात बसतंच.

एल्मरचं: बरोबर पकडलंत. रोनाल्ड ड्वॉर्किनने १९६७ मध्ये हीच केस हार्टसमोर ठेवली. तो म्हणाला कायदा नुसत्या नियमांचा बनलेला नाही, त्यात तत्त्वंही असतात. नियम लागू होतो किंवा होत नाही, मधलं काही नाही. तत्त्वाला वजन असतं, ते तोलावं लागतं.

पण अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. १९२४ ची केंचव्वा विरुद्ध गिरिमल्लाप्पा, आपल्या मुंबई हायकोर्टातून लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टापर्यंत गेलेली केस. प्रश्न तोच, खून करणाऱ्याला त्या माणसाचा वारसा मिळतो का. प्रिव्ही कौन्सिलने म्हटलं की न्याय, समता आणि सद्सद्विवेक यांच्या तत्त्वावर खुनी अपात्र, तो जणू अस्तित्वातच नाही असं धरायचं. मग १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात कलम २५ आलं आणि ते साध्या एका ओळीत लिहिलं गेलं. म्हणजे आधी कायदा, नंतर नियम. हा क्रम मला पहिल्यांदा समजला तेव्हा मी रात्रभर झोपलो नव्हतो.

अक्षरशः

मी इथे थोडा वेगळा सूर लावतो, कारण सगळे एकाच बाजूला चाललेत.

रिग्जमध्ये एक विरोधी निकालपत्र आहे, न्यायमूर्ती ग्रे यांचं. ते म्हणतात की विधिमंडळाने मृत्युपत्र कसं करायचं कसं रद्द करायचं हे पूर्ण लिहून ठेवलंय, आम्हाला त्यात भर घालायचा अधिकार नाही. खुनाची शिक्षा फौजदारी कायद्याने दिलीये, आता आम्ही इस्टेट काढून घेतली तर ती वरून आणखी एक शिक्षा झाली, ती कुठल्या कायद्याने? मला हा माणूस अजिबात निर्दय वाटत नाही. साध्या माणसाजवळ लिहिलेल्या शब्दाशिवाय काय असतं? तलाठ्याकडे गेलो आणि तो म्हणाला कागद बरोबर आहे पण मला तत्त्वाला धरून वाटत नाही, तर मी कुठे जाऊ? माझे वडील शेतकरी, त्यांनी आयुष्यभर एकच हट्ट धरला की लिहून द्या. बलवानाला नियम नसला तरी चालतं हो, लिहिलेला नियम दुबळ्यालाच लागतो.

तत्त्व कोणाचं, हा पण प्रश्न आहे. न्यायाधीशाच्या मनातलं? समाजाच्या? आपल्या समाजाची तत्त्वं म्हणून काय काय खपवलं गेलंय ते सगळ्यांना माहीत आहे.

गांधारीकाठ

अक्षरशः, तुमच्या शेवटच्या ओळीवरून लिहायला बसलो. मी महाडचा. चवदार तळ्याच्या पायऱ्या माझ्या शाळेच्या रस्त्यावर. आम्हाला २० मार्च १९२७ पाठ असतो, बाबासाहेब तळ्यावर उतरले आणि ओंजळीने पाणी प्यायले. पण त्यानंतर दहा वर्षं जे कोर्टात चाललं ते फार थोड्यांना माहीत असतं, आणि या धाग्याचा प्रश्न तिथे जसा उभा राहिला तसा मला दुसरीकडे कुठे दिसलेला नाही.

क्रम बघा. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला, सरकारी पैशातून चालणारे पाणवठे अस्पृश्यांना खुले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्यानुसार ठराव करून तळं खुलं केलं. म्हणजे लिहिलेला नियम होता! कागदावर सगळं स्वच्छ. आणि तीन वर्षं एक माणूस पाण्याला हात लावू शकला नाही, कारण दुसरा एक नियम होता, कुठेही न लिहिलेला, आणि तो गावातलं शेंबडं पोरसुद्धा पाळत होतं. सत्याग्रह झाल्यावर मारहाण झाली, मग तळ्याची "शुद्धी" केली, गोमूत्र शेण दूध दही टाकून १०८ घागरी. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये सवर्णांनी महाडच्या कोर्टात दावा लावला, की तळं आमचं आहे आणि अस्पृश्यांनी इथे पाणी न भरण्याची रूढी अनादि काळापासून आहे, आणि तात्पुरती मनाई मिळवली. २५ डिसेंबरला परिषद भरली तेव्हा हजारो लोक तयारीने आलेले, आणि बाबासाहेबांनी कोर्टाच्या मनाईहुकुमाचा मान ठेवून त्या वेळी तळ्यावर जायचं थांबवलं. मला लहानपणी याचा राग यायचा. आता कळतं की ज्या माणसाने त्याच परिषदेत मनुस्मृती जाळली त्याने दिवाणी कोर्टाचा एक कागद मानला, आणि त्यात विसंगती शून्य. एक नियम फक्त जन्मावरून माणसाला बाहेर ठेवत होता आणि विचारल्यावर उत्तर देत नव्हता. दुसऱ्याला उत्तर द्यावं लागणार होतं, अपील होतं, पुरावा मागता येत होता.

आणि पुरावा मागितला गेलाच. खालची कोर्टं, मग ठाण्याला अपील, मग मुंबई हायकोर्ट, मार्च १९३७. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड, तेच ज्यांनी १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना शिक्षा सुनावली होती. रूढीला कायदा म्हणून मान्यता हवी तर ती अनादि, निश्चित, अखंड असावी लागते, अवाजवी नसावी लागते. कोर्टाने म्हटलं की अनादि रूढी सिद्ध झालेली नाही. दावा फेटाळला.

आता यात खटकणारी गोष्ट पण सांगतो. कोर्टाने असं नाही म्हटलं की ही रूढी अमानुष आहे म्हणून कायदा नाही. निकाल पुराव्यावर लागला. समजा त्यांनी पाचशे वर्षांची कागदपत्रं आणली असती तर? हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो. त्याचं उत्तर पुढे घटनेत आलं. कलम १३ मध्ये "कायदा" या शब्दाची व्याख्या करताना रूढी आणि परिपाठ पण धरलेत, म्हणजे रूढीनेही मूलभूत हक्कांना उत्तर द्यायचं. कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट असे शब्दच नाव घेऊन आलेत. मी ते कलम वाचतो तेव्हा मला आमचं तळंच दिसतं.

अनघा_कल्याण

गांधारीकाठ, दोनदा वाचलं. वर्गात रूढीची चार लक्षणं पाठ केली होती, ती एका तळ्यावर अशी लागली होती हे कोणी सांगितलं नव्हतं.

गलीक्रिकेट

वरचं वाचून माझा मुद्दा छोटा वाटतोय पण टाकतो. क्रिकेटमध्ये नियमांना इंग्रजीत "लॉज" म्हणतात. १९४७ ला सिडनीत आपल्या विनू मंकडने बिल ब्राउनला बॉल टाकायच्या आधी क्रीज सोडल्यावर रनआउट केलं, नियमात पूर्ण बसणारं. तरी पंचाहत्तर वर्षं "मंकडिंग" हा शब्द शिवीसारखा वापरला. २०२२ मध्ये एमसीसीने, म्हणजे क्रिकेटचे नियम करणाऱ्या लंडनच्या क्लबने, ते "अयोग्य खेळ" च्या कलमातून काढून साध्या रनआउटच्या कलमात टाकलं. नियमाचा अर्थ तोच, जागा बदलली फक्त, पण माणसाच्या नावावरचा डाग पुसायला ती जागा बदलावी लागली. मला वाटतं लोक नियमाकडे कसं बघतात हा पण कायद्याचाच भाग असतो.

अक्षरशः

महाडचं मान्य, पूर्ण मान्य. पण बघा, तिथेही शेवटी कामाला आलं ते लिहिलेलंच, कलम १३, १५, आणि अस्पृश्यता रद्द करणारं १७. मी हेच म्हणतोय.

दिवाणी_कोर्ट

आणि लिहिलेलं काढून घेतलं तर? हा प्रश्न आपल्या सुप्रीम कोर्टासमोर खरोखर आला होता. आणीबाणी, एडीएम जबलपूर नावाची केस, निकाल २८ एप्रिल १९७६. राष्ट्रपतींच्या आदेशाने कलम २१ साठी, म्हणजे जीव आणि स्वातंत्र्याच्या हक्कासाठी, कोर्टात जायचा हक्क स्थगित. देशातल्या नऊ हायकोर्टांनी तरीही स्थानबद्धांचं ऐकायचं ठरवलं होतं, मुंबई त्यात होतं. सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती खन्नांनी सरकारच्या वकिलांना विचारलं की उद्या पोलिसाने वैरातून एखाद्याचा जीव घेतला तर दाद मागायला काही जागा आहे का, आणि उत्तर आलं की हा आदेश चालू आहे तोवर नाही. चार न्यायमूर्तींनी ते मान्य केलं, त्यात आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड पण. एकट्या खन्नांनी लिहिलं की कलम २१ लिहिलेलं नसतं तरीही कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचा जीव किंवा स्वातंत्र्य घ्यायचा अधिकार राज्याला नाही. पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केलं. २०१७ च्या खासगीपणाच्या निकालात तो बहुमताचा निकाल चूक म्हणून रद्दबातल ठरवला गेला आणि २०१७ मध्ये तसं लिहिणारे न्यायमूर्ती यशवंतरावांचेच चिरंजीव.

अक्षरशः, तुमच्या वडिलांचा हट्ट मला पटतो, मनापासून. पण त्या चार जणांकडेही लिहिलेलं होतं.

अक्षरशः

याला माझ्याकडे आत्ता उत्तर नाही. विचार करतो.

जुना_सेक्रेटरी

अनघाताई, सगळं छान चाललंय पण त्या मुली आज रात्री कशा आत जाणार? मिनिट्स बुक काढून ठरावाचे नेमके शब्द बघा बरं आधी.

अनघा_कल्याण

काढलं. आणि तेव्हापासून मी सुन्न आहे.

ठराव एका ओळीचा आहे: "वाहनचोरी टाळण्यासाठी मुख्य गेट रात्री ११ वाजता बंद करावे." बस. कोणाला आत घेऊ नये असं कुठेही नाही. भाडेकरू हा शब्द नाही. नोटीस बोर्डावर ज्याने टाइप केलं त्याने "११ नंतर प्रवेश नाही" लिहिलं, वॉचमनला कोणीतरी सांगितलं की भाडेकरूंच्या बाबतीत कडक राहा, आणि सहा महिन्यांत ते "नियम आहे" झालं. फ्लॅटमालक बाराला आले तर गेट उघडतं, मी स्वतः कितीदा आलेय लग्नाहून!

आमच्या सरांनी फुलर या अमेरिकन प्राध्यापकाचं एक उदाहरण सांगितलं होतं. स्टेशनवर झोपायला बंदी, झोपल्यास दंड. एक प्रवासी पहाटे तीनला उशीर झालेल्या गाडीची वाट बघत बाकावर बसल्या बसल्या पेंगतोय, हलकं घोरतोय. दुसरा माणूस चादर उशी घेऊन पसरलाय पण अजून डोळा लागलेला नाही. दंड कोणाला? शब्द धरले तर पहिल्याला. नियम कशासाठी केला हे विचारल्याशिवाय "झोपणे" या शब्दाचा अर्थसुद्धा लागत नाही असं फुलरचं म्हणणं. वर्गात मी वहीत लिहून घेतलं, आणि बाइकसाठी केलेल्या नियमाने दोन मुली पावसात उभ्या राहिल्या तेव्हा मला ते आठवलं नाही.

काल त्यांच्या घरी गेले, माफी मागितली. चहा दिला त्यांनी. गेटचं छोटं दार रात्रभर उघडायचं असं वॉचमनला मी, सेक्रेटरी आणि अध्यक्ष तिघांनी लेखी दिलंय, बोर्डावरचा कागद काढलाय. रविवारी सभा आहे, ठराव दुरुस्त करायचा विषय घेतलाय. निघताना धाकटी म्हणाली, काकू, आमच्याबद्दल ठरणार तर आम्ही सभेत येऊ शकतो का?

जुना_सेक्रेटरी

कडक बोलायचं तर भाडेकरू फार तर नाममात्र सभासद, मतदानाचा हक्क नाही. पण अध्यक्षांच्या परवानगीने बसता येतं, बोलता येतं, आमच्याकडे बसवलंय आम्ही. अध्यक्षांना आधी विचारून ठेवा आणि मिनिट्समध्ये त्यांचं बोलणं नोंदवा, हे विसरू नका.

गांधारीकाठ

आणि त्यांच्या पाळीच्या वेळा बघून सभेची वेळ ठेवा. सकाळची ड्यूटी असेल तर साडेदहाला त्या येणार कशा?

अनघा_कल्याण

हे लक्षातच आलं नव्हतं. एकीची सकाळपाळी आहे, तीनला सुटते. अध्यक्षांना फोन लावतेय, संध्याकाळी पाचला करता येते का बघते.